आपल्या वडावरील सुरवंट

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



स्नेहसंमेलनाच्या व्यासपीठावरून कोणी किड्यांविषयी बोलावे, ही गोष्ट आपल्या मंडळाच्या परिपाठास सोडून आहे याची आम्हांस जाणीव आहे. येथे गुणवंत विद्यार्थ्यांचे कौतुक होते, वधूवरांची माहिती दिली जाते, ज्येष्ठांचे सत्कार होतात. गतवर्षी एक शाल आमच्याही खांद्यावर पडली. शिवाय आमचे शिक्षण मॅट्रिकपुरते, त्यावर अध्यापनाची पदविका, एवढेच. प्राणिशास्त्राची पदवी आम्हांजवळ नाही. तथापि चिटणीसांनी जेव्हा सांगितले की येत्या सर्वसाधारण सभेपुढे अंगणातील वड तोडण्याचा ठराव येणार आहे, तेव्हा त्याआधी आम्हांस पाऊण तास बोलू द्यावे अशी विनंती आम्ही केली व त्यांनी ती उदारपणे मान्य केली. तेव्हा हे भाषण सुरवंटाविषयी असले, तरी ते वडाविषयीही आहे, हे प्रारंभीच कबूल करून टाकतो.

काय घडले ते आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेच आहे. सन २०२४ ची वटपौर्णिमा जूनच्या २१ तारखेस आली. आपल्या भगिनी नेहमीप्रमाणे पूजेची ताटे घेऊन पारावर जमल्या. सूत गुंडाळण्यास आरंभ होतो न होतो तोच वरून सुरवंट पडू लागले. कोणाच्या पदरावर, कोणाच्या मानेवर, दोन तर नैवेद्याच्या वाटीत. एकच धावपळ उडाली. पुष्कळ जणींच्या अंगावर गांधी उठल्या. आमच्या चुलत बंधूंची सहा वर्षांची नात वर पाहत उभी होती. तिच्या डोळ्यात सुरवंटाचा केस गेला. तिने डोळा चोळला आणि तो अधिकच रुतला. डॉक्टरांनी भिंगाखाली तो काढला तेव्हा रात्रीचे नऊ वाजले होते. पोर आज समोर बसली आहे, डोळा उत्तम आहे. पण त्या रात्री तिच्या आईची जी अवस्था झाली ती ज्यांनी पाहिली, त्यांनी दुसऱ्या दिवशी "तो वड आधी तोडा" असे म्हटले असेल तर त्यांना दोष देण्यास आमची जीभ उचलत नाही.

आणि दोष देण्याचा अधिकार तर आम्हांस मुळीच नाही. कारण हाच प्रसंग चाळीस वर्षांपूर्वी आमच्यावर आला होता, आणि तेव्हा आम्ही काय केले ते आजवर कोणास सांगितलेले नाही. आज सांगतो.

सन १९८४ मध्ये आम्ही घाटमाथ्यावरील एका खेड्यातल्या शाळेत शिक्षक होतो. शाळेच्या आवारात एक जुना वड होता. त्याच्या सावलीत तिसरी-चौथीचे वर्ग बसत. त्या वर्षी सुरवंटांनी वड भरून गेला. मुले अंग खाजवीत घरी जाऊ लागली, पालक तक्रारी घेऊन आले. आमचे वय तेव्हा पंचविशीच्या आत, अंगात कर्तबगारी दाखविण्याची हौस. एका शेतकऱ्याकडून आम्ही बी. एच. सी. ची भुकटी आणली, जिला गावोगावी गॅमेक्झिन म्हणत. सातवीतली दांडगी मुले बरोबर घेतली, गोणपाटाच्या पुरचुंड्या बांबूंना बांधल्या आणि झाडाखाली उभे राहून तासभर ती भुकटी वर झटकली. नाकातोंडास फडकेसुद्धा बांधले नव्हते. आज ते आठवले की अंगावर काटा येतो. हीच भुकटी पुढे १९९७ साली देशात बंद करण्यात आली. तेव्हा मात्र ती गहू-हरभऱ्याच्या पोत्यांजवळही ठेवलेली असे.

संध्याकाळपर्यंत सुरवंटांचा सडा पडला. गावकऱ्यांनी वाहवा केली. तिसऱ्या दिवशी झाडाखाली साळुंक्या मरून पडलेल्या दिसू लागल्या. मोजल्या त्या चौदा. मुलांनी खड्डा खणून त्या पुरल्या. त्यांतला एक मुलगा हात झटकीत आम्हांस म्हणाला, "गुरुजी, साळुंक्या तर सुरवंटच खात व्हत्या न्हवं?" आम्ही त्यास पाढे म्हणावयास बसविले. पुढल्या वर्षी सुरवंट पुन्हा आले, साळुंक्या मात्र तितक्या आल्या नाहीत.

त्या मुलाच्या प्रश्नास उत्तर देता येण्यासाठी पहिली गोष्ट जी करावयास हवी होती, ती आम्ही केलीच नव्हती. झाडावर आहे तो प्राणी कोण, हे आम्ही विचारलेच नव्हते. म्हणून यंदा वटपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही हातमोजे घातले, एक चिमटा व काचेची बरणी घेतली आणि पारावर गेलो.

आपल्या बोलीत केसाळ अळी दिसली की ती सुरवंट, कोठे तिला कुसरूडही म्हणतात. परंतु सारे सुरवंट एका घरचे नसतात. शेवग्याच्या बुंध्यावर पावसाळ्यात थवेच्या थवे चिकटून बसतात, ते निराळ्या कुळाचे. वडावर आम्हांस सापडले ते ज्या कुळाचे होते त्याच्या पतंगांना इंग्रजीत टसॉक पतंग म्हणतात. टसॉक म्हणजे गवताचा झुबका. ह्या कुळातील सुरवंटांच्या अंगावर केस सरसकट नसून झुबक्याझुबक्यांनी असतात, कित्येकांच्या पाठीवर तर दात घासण्याच्या ब्रशाप्रमाणे कापून समान केल्यासारखे. त्यावरून हे नाव पडले. आपण त्यांस झुबकेवाले म्हणू. ओळखण्याची एक नामी खूण आहे. सुरवंटाच्या पाठीवर शेपटाकडील बाजूस, एकामागे एक असे दोन रंगीत ठिपके दिसतात. ते नुसते ठिपके नव्हेत. त्या लहानशा ग्रंथी असून सुरवंटास डिवचले की त्या मोज्याचे टोक उलटावे तशा बाहेर येतात. पोटाच्या सहाव्या व सातव्या वलयावर असलेल्या ह्या दोन ग्रंथी दिसल्या की तो झुबकेवाल्यांपैकी खरा. शेवग्यावरील सुरवंटास त्या नसतात. एरंडावर आढळणाऱ्या एका केसाळ अळीस त्या असतात, कारण ती ह्याच कुळाची. आमच्या बरणीतील सुरवंट काळपट तपकिरी होते, कडेने केसांचे झुबके, आणि भिंगातून पाहता ते दोन ठिपके स्पष्ट.

कूळ कळले, व्यक्ती कळली नव्हती. सुरवंटावरून जात निश्चित करणे जाणत्यासही अवघड जाते, तेथे आमचा काय पाड. अशा वेळी एकच राजमार्ग असतो. त्यास पाळावे, खाऊ घालावे आणि पुढे काय होते ते पाहावे. आम्ही अकरा सुरवंट पाळले. आमच्या सौभाग्यवतींनी बरणी स्वयंपाकघरात येऊ दिली नाही, तेव्हा तिची स्थापना गच्चीच्या जिन्यात झाली. रोज सकाळी वडाची ताजी पाने. परीक्षा म्हणून एक दिवस पेरूची व एक दिवस जास्वंदीची पाने घातली. त्यांस सुरवंटांनी तोंडही लावले नाही. पिंपळाचे पान घातले ते मात्र खाल्ले. वडाच्या पानाचा चीक आपल्या बोटांस लागला तर निघता निघत नाही, पण हे त्याच पानावर सुखाने वाढतात. त्यांचे भक्ष्य मुख्यतः वड, पिंपळ आणि त्यांचे गणगोत. फणसही ह्याच गणगोतातला, म्हणून त्याचे पानही त्यांस चालते. म्हणजे आपल्या अंगणातील तुळशीस, मोगऱ्यास किंवा शेजारच्या भाजीवाल्यांच्या वाफ्यांस ह्यांचे भय नाही, ही एक गोष्ट ठरली.

आठवडाभरात त्यांतले काही खाणे सोडून स्वस्थ झाले आणि पानावर थोड्याशा रेशीमधाग्यांच्या आधाराने त्यांनी कोशावस्था घेतली. हा कोशही गुळगुळीत नसून केसाळ होता. आम्ही नातवास दिवस मोजावयास सांगितले. आठव्या दिवशी सकाळी बरणीत एक जाडसर, फिकट पिवळसर पांढऱ्या पंखांचा पतंग बसलेला दिसला. नातवाने त्याची वहीत नोंद केली. दोन दिवसांनी दुसऱ्या कोशातून जे बाहेर आले ते पाहून आम्ही गोंधळलो. अंग काळसर, आकाराने लहान, आणि पुढचे पंख काचेचे! पंखांचा थोडा काळा भाग सोडला, तर बाकीच्यातून पलीकडची अक्षरे वाचता येत होती. आम्हांस वाटले, चुकून एखादी माशीच आत शिरली. नातू म्हणाला, "आजोबा, दोन जातींचे सुरवंट आले असतील." दोघेही चुकलो होतो. पिवळसर ती मादी आणि काचपंखी तो नर. नराच्या मिशा पिसासारख्या दुभंगलेल्या असतात, मादीच्या तशा नसतात. बरणीच्या तोंडास जाळीचे फडके बांधले होते. मादी बाहेर आल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्या फडक्यावर बाहेरून आणखी दोन काचपंखी नर येऊन चिकटले होते. ह्या कुळातील मादी एक प्रकारचा गंध हवेत सोडते आणि नर त्या पिसारी मिशांनी तो दुरून हेरतो. आम्हांस नाकाने काही कळले नाही. पण जिन्याचा झरोका त्यांनी बिनचूक शोधला होता.

पुढे आमच्या परिचयातील एका महाविद्यालयीन प्राध्यापकांनी नमुना पाहून नाव सांगितले: पेरिना नुडा. नुडा म्हणजे लॅटिन भाषेत उघडी, वस्त्रहीन. नराचे खवलेविरहित पंख पाहिले की नावाचे मर्म कळते. पतंगाच्या पंखावर जो भुरा असतो तो म्हणजे सूक्ष्म खवले. ह्या नराच्या पंखाच्या मोठ्या भागावर ते नसतातच. लिनियसचा शिष्य असलेला डेन्मार्कचा कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस ह्याने १७८७ साली ह्यास शास्त्रीय नाव दिले. सर जॉर्ज हॅम्पसन यांनी भारतातील पतंगांवर जो मोठा ग्रंथ लिहिला, त्याच्या १८९२ च्या पहिल्या खंडातही तो आहे. म्हणजे हा पाहुणा कोठून नवा आलेला नव्हे. भारत, श्रीलंका, ब्रह्मदेश, दक्षिण चीन, तैवान असा त्याचा विस्तार आहे. जेथे वडाची जात तेथे तो. आम्ही त्यास मराठीत "वडाचा काचपंखी" म्हणू लागलो आहोत. कोणास अधिक चांगले नाव सुचल्यास जरूर कळवावे.

आता अकरांचा हिशेब ऐका, कारण आमच्या मते साऱ्या प्रकरणाची किल्ली त्यात आहे. अकरांपैकी पतंग झाले चारच. तीन कोशांना बारीक भोके पडून त्यांतून चिलटाएवढ्या परोपजीवी माश्या बाहेर आल्या. त्यांच्या आईने सुरवंटातच आपली अंडी घातली होती. तीन सुरवंट काळे पडून, मऊ होऊन, काचेला लोंबकळून मेले. तो रोगाचा प्रकार. झुबकेवाल्यांत असे विषाणूंचे रोग वरचेवर येतात. आपल्या ह्या काचपंखीच्याच नावाने ओळखला जाणारा एक विषाणू तैवानातील संशोधकांनी अभ्यासला असून त्याची संपूर्ण जनुकीय रचना २००२ साली प्रसिद्ध झाली आहे. अकरावा सुरवंट नातवाच्या हातून निसटला. त्याचे पुढे काय झाले ते घरात विचारू नये. बरणीत, जेथे पक्षी नाही, मुंगी नाही, पाऊस नाही, तेथे ही गत. मग उघड्या झाडावर किती जगत असतील?

पक्ष्यांचे म्हणाल तर केसाळ सुरवंट सर्वांना पचत नाही. पण जूनच्या तोंडावर आपल्याकडे जो पावशा "पेरते व्हा, पेरते व्हा" म्हणून कंठशोष करतो, त्याचे हे आवडते अन्न. त्याची रीत पाहण्यासारखी आहे. सुरवंट चोचीत धरून तो फांदीवर घासतो, दाबून त्याच्या पोटातील घाण बाहेर काढतो आणि मग केसांसकट गिळतो. केस पोटात निराळे होतात व त्यांची गोळी तो तोंडावाटे टाकून देतो. (हाच गृहस्थ स्वतःची पोरे मात्र सातभाईंच्या घरट्यात टाकून मोकळा होतो, तो भाग वेगळा.) आपल्या वडावर पावशा येतो हे आम्ही स्वतः पाहिले आहे. औषध फवारले तर विषारी सुरवंट प्रथम त्याच्याच चोचीत जावयाचे. चाळीस वर्षांपूर्वीच्या त्या मुलास द्यावयाचे उत्तर हे होते.

कोणी म्हणेल, मास्तर एका शाळेच्या अनुभवावरून मोठा सिद्धांत काढीत आहेत. म्हणून एक परदेशची हकीकत सांगतो. ती ह्याच झुबकेवाल्या कुळातील दुसऱ्या एका पतंगाची आहे, आणि तिच्यात आमच्या बांबू-गोणपाटाऐवजी एक श्रीमंत सरकार आहे.

एत्येन लिओपोल्द त्रूव्हलो नावाचा एक फ्रेंच चित्रकार अमेरिकेत बोस्टनजवळ मेडफर्ड गावी राहत असे. त्यास रेशमाच्या किड्यांचे वेड होते. १८६८-६९ च्या सुमारास त्याने युरोपातून लिमँट्रिया डिस्पार ह्या पतंगाची अंडी आणली. लिमँट्रिया म्हणजे विध्वंसक. डिस्पार म्हणजे विसदृश, कारण ह्याचेही नर-मादी एकमेकांसारखे दिसत नाहीत. त्यांतले काही सुरवंट निसटले. त्रूव्हलोला चूक कळली होती असे म्हणतात, पण पुढे त्याचे लक्ष आकाशाकडे वळले. हार्वर्डच्या वेधशाळेत त्याने ग्रहताऱ्यांची फार सुंदर चित्रे काढली आणि १८८२ मध्ये तो मायदेशी परतला. मागे मेडफर्डची झाडे राहिली. १८८९ च्या उन्हाळ्यात तेथे सुरवंटांचा असा उद्रेक झाला की झाडे निष्पर्ण झाली, घरांच्या भिंती, कुंपणे आणि पायवाटा सुरवंटांनी झाकून गेल्या, रात्री शांततेत त्यांच्या पाने खाण्याचा आवाज ऐकू येई. लोक त्यांस झाडूने गोळा करून रॉकेलने जाळीत.

दुसऱ्या वर्षीपासून राज्य सरकारने मोहीम उघडली. १९०० पर्यंत दहा लाख डॉलरांहून अधिक खर्च केला. शिसे आणि सोमल यांचे एक नवे विष ह्याच पतंगासाठी तयार करण्यात आले. पतंग हटला नाही. मग १९०६ पासून युरोपातून त्याचे शत्रू आणण्यात आले. त्यांतली एक परोपजीवी माशी अशी निघाली की ती एवढ्यावर न थांबता तिकडच्या निरुपद्रवी, मोठ्या सुंदर रेशीमपतंगांवरही तुटून पडली, आणि त्यांच्या ऱ्हासाचा ठपका आज अभ्यासक तिच्यावर ठेवतात. दुसऱ्या महायुद्धानंतर डी. डी. टी. आले. १९५७ साली विमानांतून लक्षावधी एकरांवर त्याचा फवारा मारला, त्यात लोकांच्या बागा, दुभत्या गाईंची कुरणे, मासळीची तळी, सारे आले. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंड बेटावरील रहिवासी त्याविरुद्ध न्यायालयात गेले. खटला त्यांनी गमावला. पण त्या प्रकरणाने रेचेल कार्सन ह्या विदुषीचे लक्ष ह्या विषयाकडे ओढले आणि १९६२ साली त्यांचा "सायलेंट स्प्रिंग" हा ग्रंथ निघाला. त्यात ह्या फवारणीची हकीकत विस्ताराने आहे. शेवटी १९८९ साली सुरवंट आपोआप मरू लागलेले दिसले. तपासांती एक बुरशी सापडली, जी मूळची जपानकडची. औषधाच्या टाक्यांनी जे साधले नाही, ते पुष्कळ अंशी ह्या बुरशीने आणि विषाणूने साधले. पतंग मात्र अजूनही तेथे आहेच.

ह्याच्या इंग्रजी नावाचीही एक गोष्ट आपल्यासारख्या ज्ञातिसंस्थेने लक्षात घ्यावी अशी आहे. युरोपातील भटक्या रोमा लोकांना हिणवून ज्या नावाने हाक मारीत, तेच नाव ह्या किडीस दीडशे वर्षे चिकटलेले होते. २०२१ मध्ये अमेरिकेच्या कीटकशास्त्र संस्थेने ते काढून टाकले आणि २०२२ मध्ये "स्पंजी मॉथ" हे नवे नाव दिले, कारण त्याच्या अंड्यांचा पुंजका स्पंजासारखा दिसतो. उपद्रवी किड्याला एखाद्या जमातीचे नाव देणे म्हणजे काय, हे ज्याच्या जमातीचे नाव दिले जाते त्यासच कळते. असो.

दोन्ही पतंगांत मोठा भेद आहे, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. तो अमेरिकेत उपरा होता, शत्रू मागे ठेवून आला होता. शेकडो जातींची झाडे खात होता. आपला काचपंखी येथलाच आहे, त्याचे शत्रू त्याच्याबरोबर येथेच नांदतात, आणि तो वडाच्या गोतापलीकडे फारसा जात नाही. म्हणून त्याचा उद्रेक वर्षादोनवर्षांत आपोआप ओसरण्याची आशा धरता येते. ओक वृक्षांची पाने ओळीने दोन-तीन वर्षे साफ गेली तर ते मरू शकतात. आपल्या वडाची निम्म्याहून कमी पाने गेली होती आणि ऑगस्टअखेर झाड पुन्हा पालवले. आज जाताना वर पाहावे, कोणती फांदी खाल्ली गेली होती ते ओळखता येणार नाही.

आणखी एक मुद्दा, जो ठराव मांडणाऱ्या बंधूंच्या कदाचित ध्यानात आला नसेल. "तोडू नका, पण दरसाल औषध मारा" असा मधला मार्ग काहींनी सुचविला आहे. वडाचे तांबडे फळ आपण फोडून पाहिले असेल. आत चिलटासारख्या बारीक माश्या असतात आणि आपण नाक मुरडतो. वडाची फुले फळाच्या आत दडलेली असतात, त्यांस पराग पोचविणारी ही एकच विशिष्ट माशी आहे. ती नसेल तर वडास बीज धरत नाही. सुरवंटावर मारलेले विष तिला वगळून जात नाही. ज्या झाडाला सूत गुंडाळताना आपल्या भगिनी कुळाचे क्षेम मागतात, त्याच झाडाचा वंश अशा रीतीने खुंटवावा काय, हे सभेने ठरवावे.

वड तोडण्यास नगरपालिकेच्या वृक्षाधिकाऱ्यांची अनुमती लागते, १९७५ पासून तसा कायदा आहे, हे चिटणीस सांगतीलच. आम्हांस कायद्याच्या आडोशाने वड वाचवावयाचा नाही. पुढील ज्येष्ठात पुन्हा कोणा पोरीच्या डोळ्यात केस गेला तर त्या कायद्याचा काय उपयोग? तेव्हा जे करण्यासारखे आहे ते सांगतो. बहुतेक साऱ्या गोष्टी आम्ही स्वतः करावयास तयार आहोत.

अंडी पानांवर पुंजक्यांनी घातलेली असतात आणि लहान अळ्या आरंभी जवळजवळ राहतात. वैशाखापासून दर आठवड्यास खालच्या फांद्यांची पाहणी करावी. अशी पाने आकडीने उतरवून साबणाच्या पाण्यात बुडवावी. सारे सुरवंट नाहीसे होणार नाहीत, होण्याची गरजही नाही. माणसांच्या डोक्यावर लोंबणाऱ्या फांद्या मोकळ्या झाल्या म्हणजे पुरे. वटपौर्णिमेच्या आदल्या दिवशी पारावर कापडी मांडव घालावा. पार झाडताना कोरडी केरसुणी वापरू नये, कारण तुटके केस हवेत उडतात; आधी पाणी शिंपडावे. टाकलेली कात आणि रिकामे कोश यांवरचे केसही खाज आणतात, म्हणून मेलेला सुरवंटही हाताने उचलू नये.

आणि तरीही अंगावर पडलाच तर? तो चावत नाही, डंखही मारीत नाही. त्याचे केस ठिसूळ असतात, ते मोडून कातडीत रुततात. तेव्हा त्यास हाताने चिरडू नये, काडीने उडवावा. जागा चोळू नये. कागदास चिकटवतो ती चिकटपट्टी त्या जागी लावून ओढून काढावी, दोन-तीनदा तसे केले की बरेच केस निघून येतात. मग साबण आणि पाण्याने धुवावे, कपडे बदलावे. चुना, रॉकेल वगैरे घरगुती प्रयोग करू नयेत. डोळ्यात गेल्यास मात्र घरचा उपाय एकही नाही. न चोळता तडक डॉक्टर. ही माहिती एका पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून आम्ही कार्यालयात दिली आहे. ती पाराजवळ टांगावी, एवढी चिटणीसांस विनंती.

पाहणीच्या कामास चार तरुण आणि एक उंच शिडी हवी आहे. शिडी देण्याचे आपल्या एका कंत्राटदार बंधूंनी मान्य केले आहे. हे बंधू ठरावाच्या बाजूचे आहेत हे विशेष. तरुणांची नावे आज भोजनोत्तर आमच्याकडे द्यावी. सहा वर्षांच्या ज्या मुलीचा उल्लेख आम्ही केला, तिने काल आम्हांस विचारले की तिलाही ह्या कामात घेणार काय. तिच्या आईने परवानगी दिली तर पाने बुडविण्याची बादली तिच्याकडे राहील.

नर, मादी आणि दोन रिकामे कोश अशी एक काचेची पेटी प्रवेशद्वाराजवळच्या मेजावर ठेवली आहे. शेजारी भिंगही आहे. मुलांनी एकेकाने रांगेत पाहावे. नराचे पंख उजेडाकडे धरल्याशिवाय नीट दिसत नाहीत, म्हणून पेटी खिडकीकडे वळवून ठेवली आहे. झाकण मात्र कोणी उघडू नये.